मोरीच्या आठ बाऱ्या

मोरी नावाच्या होडीच्या शिडावर ‘मंडळ’ अशी तीन अक्षरं होती, आणि तीही उलटी. लाल रंगाची, हातभर उंचीची. मुंबईहून तळ्यावर येणारे साहेबलोक ती पाहून विचारायचे, ही कसली खूण? बहिरू हातातलं काम न थांबवता माझ्याकडे अंगठा दाखवायचा आणि म्हणायचा, “ही आमच्या मावशीची.”

मावशी म्हणजे मी. साडेपाच फूट उंचीचा, खर्जातल्या आवाजाचा पुरुष. बावीस वर्षं मी तमाशाच्या फडात गवळणींच्या पुढे उभं राहून मावशीचं काम केलं. लोकांनी माझं खरं नाव कधी विचारलं नाही आणि पुढे पुढे मलाही ते सांगायची सवय राहिली नाही. ती लाल अक्षरं आमच्या फडाच्या कनातीवरची. एकोणीसशे साठ साली फड मोडला, मालकिणीने सामान वाटून टाकलं, तेव्हा माझ्या वाट्याला ती कनात आली. मी ती बैलगाडीत घालून लोणावळ्याला आणली आणि बहिरूच्या दारात टाकली. म्हटलं, “घे भाऊ, ही तुझीच आहे.” यात खोटं काही नव्हतं. त्या कनातीत मूळच्या कापडापेक्षा बहिरूचे टाके जास्त होते. तिच्यातूनच त्याने मोरीचं शीड शिवलं आणि अक्षरं उलटी लागली.

आमची ओळखही तिच्यामुळेच झाली. छप्पन्न साली कामशेतला आमचा मुक्काम होता आणि दुपारच्या वावटळीत कनात उभी फाटली. बाजारातल्या शिंप्याने हात जोडले. म्हणाला, “एवढं जाड कापड माझ्या मशिनीच्या बापालाही शिवता येणार नाही. लोणावळ्याला तळ्यावर बहिरू आहे. होड्यांची शिडं शिवतो. त्याला गाठा.”

मी कनात घेऊन तळ्यावर पोचलो. पत्र्याच्या शेडपुढे एक काळासावळा, काटक माणूस पाय पसरून बसला होता. खाली क्लबने दिलेली खाकी अर्धी चड्डी, वर स्वतःची बंडी, कानात बाळी. मांडीवर शीड, तळहाताला चामड्याचा तुकडा बांधलेला, आणि त्या तुकड्याने दाबत तो दाभणाएवढी सुई जाड कापडातून पलीकडे काढत होता. मी माझी सगळी कहाणी रंगवून सांगितली. फडाची इज्जत, मालकिणीचे डोळे, पंचक्रोशीतून निघालेल्या गाड्या. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “खेळ कवा?”

“आज.”

“मंग भाषान काय करताय? त्या टोकाला बसा आन् कापड ताणून धरा.”

चौदा हात फाटलेली कनात त्याने दिवस मावळायच्या आत शिवली. त्या रात्री बायकोला, भागूबाईला घेऊन तो खेळाला आला. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या हौसेने विचारलं, “कसं झालं माझं काम?”

“बेस झालं. पर डाव्या कोपऱ्याची दोरी ढिली हुती. माजं सारं ध्यान तितंच.”

असा बहिरू. जातीने महादेव कोळी, तळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी. चौदा वर्षांचा असताना साहेबांच्या क्लबात होड्यांतलं पाणी उपसायला लागला तो तिथलाच झाला. नऊ होड्या होत्या. सगळ्या लाकडाच्या, तांब्याच्या खिळ्यांनी जोडलेल्या, चौदा-पंधरा फूट लांबीच्या, एक डोलकाठी आणि दोन शिडांच्या. प्रत्येकीच्या पाठीवर पितळी अक्षरांत इंग्रजी नाव होतं. बहिरूला वाचता येत नव्हतं. त्याने रंगावरून आणि स्वभावावरून आपली नावं ठेवली होती. चांदी, तांबडी, कपिली, मोरी, बांडी. “चांदी उजवीकडं वढ खाती,” “कपिलीला दोन मानसं खपत न्हाईत,” असं तो गोठ्यातल्या जनावरांबद्दल बोलावं तसं बोलायचा. मोरी सगळ्यांत जुनी आणि त्याची सगळ्यांत लाडकी. “ती खोडी काढत न्हाई, पर खोडी खपवूनबी घेत न्हाई,” म्हणायचा.

फड मोडल्यावर मी लोणावळ्यातच खोली घेऊन राहिलो. चिक्कीच्या दुकानात बसायचो आणि चैत्रात जत्रा सुरू झाल्या की बैलगाड्यांच्या शर्यतीत पुकारा करायचो. आवाज होता, तो कुठेतरी खर्ची पडायला हवा होता. संध्याकाळ मात्र तळ्यावर बहिरूच्या शेडपुढे जायची.

त्रेसष्ट सालच्या माघात क्लबचे सेक्रेटरीसाहेब मोटारीतून उतरले ते टोपी न काढताच बोलायला लागले. मी तिथे बसलो होतो, म्हणून शब्द न् शब्द आठवतो.

“बहिरू, गेल्या वर्षी चैत्रातल्या शर्यतीला किती होड्या उतरल्या?”

“तीन, सायेब.”

“त्याच्या आधी?”

“पाच.”

“समुद्रावरचे लोक आता इकडे येत नाहीत. त्यांच्याकडे प्लायवूडच्या नव्या होड्या आल्यात, दोन माणसं उचलून नेतात. ही जुनी धुडं कोण हाकणार? कमिटीचं ठरलंय. यंदा चैत्रात निदान आठ जण या होड्यांवर बसून शर्यत लढले, तर होड्या राहतील. नाही तर पावसाआधी सगळ्या फोडायच्या. वखारवाला विचारतोच आहे.”

“आठ?” बहिरूने विचारलं.

“आठ. सात आले तर सातांना चहा पाजू आणि होड्या फोडू.”

साहेब वाईट माणूस नव्हता. तरुणपणी तो स्वतः याच तळ्यावर मोरी हाकायला शिकला होता, हे मला नंतर कळलं. पण त्या दिवशी तो गेला, आणि बहिरू बराच वेळ मोरीच्या फळीवरून अंगठा फिरवत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “मावशे, मला लाकूड कळतं, कापड कळतं. मानसं कशी जमवायची ते तुला ठावं.”

आता सांगा, आयुष्यभर कनाती भरवलेल्या माणसाला असं कोणी म्हटल्यावर तो गप्प बसेल? मी त्याच संध्याकाळी हँडबिल लिहायला घेतलं. चैत्रात सप्तमीला कार्ल्याची एकवीरेची जत्रा. समुद्रकाठचे कोळी पालख्या घेऊन त्या वेळी आमच्या घाटावर येतातच. म्हणून शर्यत जत्रेच्या दुसऱ्या दिवशी धरली. गोरखच्या छापखान्यात पिवळ्या कागदावर पाचशे प्रती काढल्या. मजकूर आजही तोंडपाठ आहे:

“चला! चला! लोणावळ्याच्या तळ्यावर शिडाच्या होड्यांची जंगी शर्यत! दुपारी तीन वाजता. येईल त्याला बारी! एकच होडी, एकच वाट, एकेकाने सुटायचं! चिठ्ठ्या सकाळी उचलल्या जातील. निकाल घड्याळावर. कमीत कमी वेळ घेणाऱ्यास ‘तळ्याचा राजा’ हा किताब!”

मावळाबाहेरच्या वाचकाला यातली चूक सांगायला हवी. आमच्याकडे बैलगाडे एकमेकांच्या शेजारी पळत नाहीत. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, एका वेळी एकच गाडा सुटतो, त्याला बारी म्हणतात. घड्याळावर ज्याचे सेकंद कमी, तो जिंकला. मी आयुष्यात दुसरी शर्यत पाहिलीच नव्हती. चैत्र म्हणजे आमचा जत्रांचा हंगाम, त्यामुळे तळ्यावरची शर्यत बघायला मी कधी गावात नसायचोच. होड्या सगळ्या एकदम सुटतात, हे मला ठाऊकच नव्हतं! आणि बहिरूला वाचता येत नव्हतं. मी त्याला हँडबिल वाचून दाखवलं ते उभं राहून, हातवारे करून. तो खूश झाला. पुढे मी त्याला विचारलं, “अरे, तू तरी बोलायचंस!” तर म्हणाला, “मला वाटलं, औंदा तसं करायचं आसंल. तू एवढं जोरात वाचलंस.”

हँडबिलं घेऊन माणसं जमवायला आम्ही मुंबईला जाणार होतो, त्याआधी बहिरूने होड्या बुडवल्या. दचकू नका. लाकडाच्या होड्या हिवाळाभर शेडमध्ये राहिल्या की सुकतात, फळ्यांत फटी पडतात. म्हणून शर्यतीच्या आधी काठालगतच्या उथळ पाण्यात होडी नेऊन आत धोंडे ठेवायचे आणि आठ-दहा दिवस ती भिजू द्यायची. लाकूड फुगतं, फटी आपोआप मिटतात. नऊच्या नऊ होड्या म्हशींसारख्या पाण्यात बसवून बहिरूने भागूबाईला सांगितलं, “ध्यान ठेव गं.”

भागूबाई म्हणाली, “मी ठेवते. तुमी तितं समुद्रात पडू नका. तुमाला पवता येत न्हाई हे त्यांना कळलं तर कोन येनार न्हाई.” हे खरं होतं. चाळीस वर्षं पाण्यावर काढलेल्या बहिरूला पोहता येत नव्हतं.

मुंबईत समुद्रकाठच्या पहिल्या क्लबच्या फाटकावर आम्हाला अडवणारा माणूस हिरा. कोळीवाड्यातला, रुंद छातीचा, डोक्यावर लाल टोपी. त्याने आम्हा दोघांना पायापासून न्याहाळलं.

“कोण तुम्ही?”

“मी कोळी,” बहिरू म्हणाला.

“कोळी? मग मासळी कुठाय?”

“आमी डोंगरातलं कोळी. आमची मासळी झाडावं आस्ती.”

हिरा इतका हसला की फाटकाला धरून उभा राहिला. तरी आत सोडेना. मग मी माझा शेवटचा उपाय काढला. पायरीवर चढलो, पदर नव्हता तो खांद्यावर घेतला आणि मावशीच्या आवाजात हँडबिल म्हणायला सुरुवात केली. पहिल्या “चला! चला!” बरोबर व्हरांड्यातल्या खुर्च्या वळल्या. धक्क्यावर होडी धूत असलेली माणसं वर आली. त्यांत एक बाई होत्या. पन्नाशीच्या, उन्हाने तांबूस झालेल्या, पांढरी विजार आणि पुरुषी टोपी घातलेल्या. रतनबाई. त्या क्लबात त्यांच्याइतक्या शर्यती कोणी लढल्या नव्हत्या, हे हिराने नंतर सांगितलं.

त्यांनी हँडबिल घेतलं, वाचलं, परत वाचलं.

“एकेक जण सुटणार? सगळे एकाच होडीत?”

“व्हय,” बहिरू म्हणाला.

“हे कोणाच्या डोक्यातून आलं?”

बहिरूने सवयीप्रमाणे माझ्याकडे अंगठा केला. आजूबाजूचे साहेब हसायला लागले. एक जाडे वकीलसाहेब म्हणाले, “ही काय होड्यांची शर्यत की बैलांची?” चूक झाली एवढं कळलं, कुठे झाली ते कळेना. पण रतनबाई हसत नव्हत्या.

“वीस वर्षं,” त्या वकिलांकडे वळून म्हणाल्या, “मी तुम्हाला हरवते आणि तुम्ही म्हणता, माझी होडी जड, माझं शीड जुनं. आता या की. एकाच होडीत बसा.”

वकिलांचं हसू थांबलं.

तेवढ्यात बहिरू कुठे गेला म्हणून पाहतो, तर तो धक्क्यावर ओढून ठेवलेल्या एका चकचकीत नव्या होडीपाशी उकिडवा बसला होता. बोटांच्या पेरांनी तिच्या बुडावर टकटक करत होता.

“ही कुनाची?”

“माझी,” रतनबाई म्हणाल्या.

“हिच्या पोटात पानी हाय. हितं. दोन पदरांच्या मदी.”

“नवी आहे ती!”

“नवी आसंल. पर पानी हाय.”

हिराने टोच्याने तिथला रंग खरवडला. लाकूड काळं, ओलं, मऊ. रतनबाईंनी त्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, “तुमच्या होड्या किती जुन्या?”

“माज्यापरीस दोन वर्सांनी थोरल्या. आन् माजे दात पडलेत, त्यांचा येक खिळा पडला न्हाई.”

चार दिवसांत आम्ही आणखी दोन क्लब फिरलो. दुसऱ्याने आम्हाला पाणी पाजलं, तिसऱ्याने तेही नाही. पण पहिल्या क्लबातून सहा नावं पक्की झाली, वकिलांसकट. शिवाय हिरा आणि त्याचा चुलतभाऊ पालखीबरोबर कार्ल्याला येणारच होते. “येईल त्याला बारी असं लिवलंय ना?” हिराने विचारलं. “मग फाटकावरच्याला पण?” मी म्हटलं, “छापलंय म्हणजे छापलंय.” सहा आणि दोन, आठ. येताना खंडाळ्याच्या चढावर गाडी फुसफुसत होती आणि बहिरू खिडकीतून डोंगराकडे बघत गालातल्या गालात हसत होता. तेवढा आनंदात मी त्याला कधी पाहिला नव्हता.

तळ्यावर पोचलो आणि त्याच्या हातातली पिशवी खाली पडली. तळ्याचं पाणी उन्हाळ्यात उतरतंच. त्या वर्षी त्या चार दिवसांत ते वीस पावलं मागे सरलं होतं. सात होड्या उघड्या चिखलात पडल्या होत्या. अर्धवट भिजलेलं लाकूड एकदम चैत्रातल्या उन्हात सापडलं, की जास्तच तडकतं. चांदीच्या फटीतून माझं बोट आत जात होतं.

मोरी आणि तांबडी मात्र गोणपाटांखाली झाकलेल्या होत्या, आणि गोणपाटं ओलीगच्च. भागूबाई हंडा घेऊन पाण्याकडून वर येत होती. डोळे खोल गेलेले.

“नवांना पानी घालाया लागले,” ती म्हणाली. “दुपारच्यापत्तर कळलं, नवांना घातलं तर येकबी जगायची न्हाई. मंग दोन धरल्या. रागवू नका.”

पाणी सरलं तेव्हापासून ती रात्रंदिवस दर घटकेला हंडे ओतत होती. बहिरूने तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतला. हंडा मोरीवर ओतला आणि दुसरा आणायला स्वतः गेला.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, “आता कसं? आठ माणसं आणि होडी धडकी एकच, फार तर दोन.” तो शेडच्या कडेला टेकला होता. म्हणाला, “तू काय लिवलंय त्येच्यात? येकच हुडी, येकेकानं सुटायचं. मंग?”

आणि मला एकदम कळलं, की माझ्या अडाणीपणाने आम्हाला वाचवलं होतं. निदान तोवर तरी.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तळ्याच्या काठावर इतकी माणसं जमली, जितकी आमच्या फडालाही कधी जमली नव्हती. कार्ल्याहून परतणाऱ्या पालख्या, आसपासच्या वाड्यांवरचे लोक, चणेफुटाणेवाले. घड्याळासाठी मी कार्ल्याच्या महिपतीला आणलं होतं. गाड्यांच्या घाटात त्याचा शब्द शेवटचा. त्याचं ते थांबवायचं घड्याळ त्याने गळ्यात ताईतासारखं बांधलेलं असे.

सेक्रेटरीसाहेब आले आणि हँडबिल वाचून लालबुंद झाले.

“हा काय तमाशा चालवलाय?”

“होय साहेब,” मी म्हटलं, “मला तेवढंच येतं.”

“आणि पहिल्या बारीला वारा एक असणार, आठव्या बारीला दुसरा. ही काय शर्यत झाली?”

बहिरू पुढे आला. “सायेब, तीन वाजता नागफनीच्या डोंगराच्या अंगानं वारा येतो आन् डोंगराची सावली त्या चाफ्याला लागंस्तवर हलत न्हाई. तेवढ्यात आठ बाऱ्या बसत्यात. मी चाळीस वर्सं बघतोय.”

“आठ असतील तर,” साहेब म्हणाले आणि मोजायला लागले.

सात होते. रतनबाई, त्यांच्या क्लबचे चौघे, हिरा आणि त्याचा चुलतभाऊ. वकीलसाहेब नव्हते. रतनबाई म्हणाल्या, “त्यांना काल अचानक ताप आला. एका होडीत बसायचा ताप.” लोक हसले. बहिरू हसला नाही. साहेबांनी वही मिटली. “सात,” ते म्हणाले. “मी सांगितलं होतं, बहिरू.”

“व्हय सायेब.”

“या सगळ्यांना चहा दे.”

“बाऱ्या तर हुंद्या, सायेब. लांबनं आल्यात.”

साहेबांनी खांदे उडवले आणि चाफ्याखाली खुर्ची टाकून बसले. बहिरू माझ्या कानाशी आला. “मावशे, येक येक करून सोड. मदी दम घेऊ दे. काठावरल्याला निवांत बघू दे.”

“त्याने काय होईल?”

“घाटात काय हुतं? बघनाऱ्याला वाटाया लागतं, ह्यो चुकला, मी आस्तो तर आसं केलं नस्तं. मुंबईवाल्यांचं काय वाटून घेतोस? बघनारा त्यो तितं बसलाय.” त्याने चाफ्याकडे नुसती हनुवटी केली.

तीनला वारा आला. पाण्यावर आधी एक काळी रेघ उमटली, मग सगळं तळं शहारलं. बहिरू तांबडीत वल्ही घेऊन बसला, कोणी उलटलं तर उचलायला. काठापासून समोर पाण्यात तरंगत बांधलेल्या पिंपाला वळसा घालून परत यायचं, एवढीच वाट. मी भोंगा तोंडाला लावला.

“सुटली! मुंबईच्या साहेबांची पहिली बारी! भिर्रर्र!”

पहिला साहेब पिंपापाशी वाऱ्यात तोंड खुपसून उभाच राहिला. बारा मिनिटं, चाळीस सेकंद. दुसरा, साडेअकरा. तिसरा उलटला. बहिरूने त्याला मानेला धरून वर घेतला, तसा तो ओला साहेब ओरडला, “मला परत बारी द्या!” चौथ्याने अकरा मिनिटं घेतली. हिराच्या चुलतभावाने दहा मिनिटं पन्नास. मोरीच्या शिडावरचं उलटं ‘मंडळ’ जायचं आणि यायचं. बाऱ्यांमधल्या वेळात मी प्रत्येकाच्या चुका रंगवून सांगत होतो, कारण पुकारा करणाऱ्याचं ते कामच आहे.

रतनबाई बसल्या तेव्हा काठ शांत झाला. त्या होडीला हात लावतायत असं वाटतच नव्हतं. नऊ मिनिटं, बावीस सेकंद. त्या उतरल्या आणि त्यांनी मोरीच्या कडेवर थाप दिली. मग हिरा. तो पिंपापाशी पोचला, वारा किंचित पडला, आणि तो गप्प बसून राहिला. लोक ओरडत होते, “हाल की लेका!” तो हलेना. वारा परत आला तसा त्याने एका झटक्यात मोरी वळवली. महिपतीने घड्याळ दोनदा पाहिलं. नऊ मिनिटं, अठरा सेकंद.

“चार सेकंद!” रतनबाई ओरडल्या. “ते घड्याळ दाखवा मला!”

महिपती छातीवर हात ठेवून म्हणाला, “बाई, या घड्याळावर खून पडता पडता राहिलेत. ते खोटं बोलत नाय.”

सात बाऱ्या झाल्या. सावली अजून चाफ्यापासून लांब होती. मी तिकडे पाहिलं, तर खुर्ची रिकामी. सेक्रेटरीसाहेब पाण्याच्या कडेला उभे होते. पाचव्या बारीपासून ते तिथे होते, असं भागूबाई म्हणते. ते स्वतःशीच बोलत होते. “डावीकडून... पिंपाला डावीकडून जायला हवं. एकाही गाढवाला कळलं नाही.”

मला माझं काम कळलं. मी भोंगा उचलला आणि अगदी हळू, मावशीच्या लाडिक आवाजात विचारलं, “अगं बाई! काठावर कोणी पिंपाला डावीकडून जाणारा आहे का गं? की नुसतं बोलणारेच आहेत?”

काठ खदखदला. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की फडात असतो तर मी विंगेत पळालो असतो. मग त्यांनी बूट काढले. मोजे काढून बुटांत नीट घातले. विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते मोरीकडे चालायला लागले.

बहिरूने होडी धरून ठेवली होती. साहेब चढताना तो म्हणाला, “सायेब, ध्यानात हाय न्हवं? हिला वढायचं न्हाई. ही आपनहून वळती.”

“तूच शिकवलंस मला, बहिरू,” साहेब म्हणाले. “मला शिकवू नकोस.”

मी किती जोरात ओरडलो ते सांगत नाही. त्यानंतर आठ दिवस मला आवाज नव्हता. साहेब पिंपाला डावीकडून गेले आणि सरळ चिखलात रुतले. पाणी तिथे उतरलं होतं, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. होडीतून उतरून, मांडीभर चिखलात उभं राहून त्यांनी मोरीला ढकललं, परत चढले आणि आले. सतरा मिनिटं, पाच सेकंद. सगळ्यांत शेवटचे. अंगभर चिखल, आणि चेहरा मात्र असा, की त्यांच्या आईने पाहिला असता तर दृष्ट काढली असती.

“डावीकडून चूक होती,” ते म्हणाले. मग त्यांनी काठावर ठेवून गेलेली आपली वही भागूबाईकडून मागून घेतली आणि ओल्या हाताने सात नावांच्या खाली आपलं नाव लिहिलं. “आठ.”

हिराच्या गळ्यात हार घातला. तळ्याचा राजा! वाडीवरच्या लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, रतनबाई अजून महिपतीशी भांडत होत्या, आणि साहेब दिसेल त्याला पुढच्या वर्षीच्या चिठ्ठ्यांची पद्धत समजावत होते. मी भाषणासाठी बहिरूला शोधायला लागलो. तो कुठेच दिसेना.

चाफ्याच्या पलीकडे, जिथे पाणी आता खोल होतं, तिथे तो कमरेइतक्या पाण्यात उभा होता. पोहता न येणारा माणूस. बायकोने काठावरून त्याच्या कमरेला दोर बांधून धरला होता. त्याने तडकलेली चांदी तिथवर ओढत आणली होती आणि तिच्यात एकेक धोंडा ठेवत होता, हळू, अंड्यांवर ठेवावा तसा.

“अरे, तिकडे तुझं नाव पुकारतायत,” मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

“पुकारू दे. हिला महिना लागंल.” त्याने आणखी एक धोंडा मागितला. “अजून सहा हायेत. ये, टोकाला धर.”

मी धोतर खोचलं आणि टोकाला धरलं. पुढच्या चैत्रात नवांपैकी आठ होड्या तरंगत होत्या. बांडी काही वाचली नाही. तिच्या फळ्यांची बहिरूने शेडपुढे बसायची बाकं केली. त्या बाकांवर बसून आम्ही आणखी अकरा चैत्र बाऱ्या पाहिल्या. दर वर्षी रतनबाई यायच्या, दर वर्षी हिरा पालखीबरोबर यायचा, आणि दर वर्षी साहेब पिंपाला डावीकडून जायचे.